मोराग घोडी आणि माझ्या वाट्याचा दोष

माझा जन्म वाई तालुक्यातल्या एका खेड्यात लोहाराच्या घरी झाला, हे ताई तुम्ही सगळ्यात आधी लिहून घ्या, कारण इथल्या मराठी मंडळाच्या गेल्या दिवाळी अंकात आमच्या व्याह्यांनी माझा उल्लेख लष्करातले अनुभवी पशुवैद्य असा केला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. मी पशुवैद्य कधीच नव्हतो. मी नालबंद. वडील बैलांना पत्र्या मारायचे, भाता मी ओढायचो, आणि जनावराचा पाय कसा उचलायचा हे मी अक्षरं गिरवायच्या आधी शिकलो. पुढे सातवी पास झालो, लष्करात गेलो, तिथे मला खेचरांच्या तुकडीत घातलं, आणि चोवीस वर्षं मी हिमालयात, जिथे गाडी जात नाही तिथे ओझी वाहणाऱ्या खेचरांचे खूर तासले आणि नाल ठोकले. माझी भाषा ऐकून लोकांना नवल वाटतं, तुम्हालाही वाटलं असेल, तर त्याचं कारण असं की तुकडीतल्या मराठी जवानांची घरची पत्रं मीच लिहायचो, आणि दुसऱ्याच्या बायकोला पत्र लिहायचं म्हणजे प्रत्येक शब्द तोलून घालावा लागतो.

आता हे सगळं कशासाठी, तर त्या लेखासाठी. तो लेख या देशातल्या बहुतेक मराठी घरांत वाचला गेला आहे. यंदा पाडव्याच्या कार्यक्रमात लिमरिकच्या एका डॉक्टरीणबाईंनी मला गाठून नमस्कार केला, म्हणाल्या, आप्पा, त्या घोडीला वाचवणारे ते तुम्हीच ना, आणि तुमच्या व्याह्यांचं मन किती मोठं, स्वतःची चूक अशी चारचौघांत सांगायला धैर्य लागतं. काय सांगू तुम्हाला, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी स्तुती झाली म्हणून नव्हे, त्यांची झाली म्हणून. लेखात असं आहे की व्याह्यांनी दयेपोटी घोडीला गूळ आणि हरभरा चारला, घोडी आजारी पडली, आणि मी तिला पुन्हा पायांवर उभी केली. ही हकिगत अर्धी आहे. उरलेली अर्धी माझ्याजवळ आहे, ती मला माझ्या नावानिशी छापून हवी आहे, आणि तुम्ही तिच्यात एक शब्दही गोड करायचा नाही.

मुलगा नव्व्याण्णव साली इथे आला, लिक्सलिपला संगणकाच्या चिपच्या कारखान्यात. माझं कुटुंब दोन हजार दोन साली वारलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षापासून मी दर वसंतात तीन महिने इथे येतो. मुलाच्या घराच्या मागे एक दगडी भिंत आहे, भिंतीपलीकडे नोराबाईंचं शेत. नोराबाई म्हणजे माझ्याच वयाच्या, विधवा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून दिवसभर शेतात. पहिल्याच वर्षी वरच्या खोलीच्या खिडकीतून मला एक राखी घोडी दिसली. उंचीला आपल्या तट्टाएवढी, पण हाड जाड, छाती रुंद, आणि अंगावर केसांचा असा दाट थर की पाऊस वरच्या वर ओघळून जायचा आणि आतली कातडी कोरडी राहायची. तीच मोराग.

मला बाकी काही कळत नसेल पण खूर कळतात. तिचे पुढचे खूर वाढलेले होते. मी भिंतीशी जाऊन नोराबाईंना खुणेनं सांगितलं, त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि फाटक उघडलं. मी घोडीच्या खांद्यापासून हात खाली नेत नेत पाय मागितला, आणि तिनं दिला, असा दिला की जणू माझीच वाट बघत होती. नोराबाई म्हणाल्या, ग्रँड. इथे सगळ्यालाच ग्रँड म्हणतात, पण त्या दिवशीचा ग्रँड खरा होता. तेव्हापासून शुक्रवार माझा. मुलानं कानस आणून दिली, खूर कापायची सुरी नोराबाईंच्या नवऱ्याची होती, आणि शुक्रवारी सकाळी कोणीही मला दुसरं काम सांगायचं नाही असा घरात नियम झाला.

ती घोडी साधी नव्हती, हेही लिहा. स्कॉटलंडच्या वायव्येला समुद्रात उघडी, वाऱ्यानं झोडपलेली बेटं आहेत, तिथल्या एका बेटाची ही जात, त्याच बेटाच्या नावानं तिला एरिस्के म्हणतात. नोराबाईंचे यजमान तिला शिंगरू असताना घेऊन आले. तिकडचे पुरुष बोटीवर जायचे, म्हणून मागे बायकाच ही घोडी हाकायच्या, दोन बाजूंना दोन टोपल्या लावून जळण म्हणून वापरायची दलदलीतली वाळवलेली माती आणि शेतात घालायचं समुद्री शेवाळ वाहून आणायच्या, आणि जी घोडी लेकराला लाथ मारेल तिची वीण पुढे चालू द्यायच्या नाहीत. म्हणून ही जात इतकी मवाळ. पुढे ट्रॅक्टर आले, घोड्यांची गरज उरली नाही, आणि आता त्या जातीच्या शुद्ध माद्या जगात फार थोड्या उरल्या आहेत. नोराबाईंच्या मनात एकच गोष्ट होती, मोरागला एक तरी शिंगरू व्हावं. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात तिला पश्चिमेकडे त्याच जातीच्या घोड्याकडे न्यायचं सगळं ठरलेलं होतं, आणि नेण्याआधी शेवटचे खूर मी तासायचे, हेही ठरलेलं होतं.

त्याच वर्षी आमचे व्याही आले. सूनबाईंचं दुसरं बाळंतपण होतं, म्हणून विहीणबाई आल्या आणि त्यांच्यासोबत व्याही. नागपूरचे, निवृत्त प्राचार्य, विषय वनस्पतिशास्त्र. गृहस्थ सज्जन आहेत, हे मी नाकारत नाही, आणि नाकारता येत नाही हीच तर अडचण आहे. तिसऱ्या दिवशी ते भिंतीशी उभे राहून नोराबाईंना त्यांच्याच शेतातल्या गवतांची लॅटिन नावं सांगत होते. मी तीन वर्षं त्या बाईंशी हाताच्या खुणांनी आणि वीस-पंचवीस शब्दांवर बोलत आलो, आणि हे एका दुपारी त्यांना हसवतात. नोराबाई संध्याकाळी माझ्या मुलाला म्हणाल्या, तुझा सासरा म्हणजे भलती मजा आहे. माझ्याबद्दल त्या कधी असं म्हणाल्या नव्हत्या. माझ्याबद्दल म्हणायच्या, चांगले हात आहेत.

आणि ते तिला मोरू म्हणायचे. आता मोरू हे काय घोडीचं नाव झालं. पण घोडी यायची. मी हाक मारली की कान वळवायची, त्यांनी मोरू म्हटलं की चालत यायची, आणि एकदा, मी समोर उभा असताना, तिनं आपली हनुवटी त्यांच्या खांद्यावर ठेवली आणि डोळे मिटले. तीन वर्षांत माझ्या खांद्यावर तिनं हनुवटी ठेवली नव्हती. ठेवणार कशी, मी कायम खाली वाकलेला, मांडीत खूर धरलेला. मी तिच्या पायांचा माणूस, ते तिच्या मानेचे. व्याही म्हणाले, अहो व्याही, ही तर माझ्याकडेच पाहून राहिली जी. मी म्हणालो, माशी बसली असेल तुमच्या नाकावर. ते म्हणाले, माशीकडे कोणी इतक्या प्रेमानं पाहते काय. नोराबाईंनी विचारलं काय म्हणताहेत, त्यांनी इंग्रजीत सांगितलं, आणि दोघंही हसले. मीही हसलो. तो दिवस मला अजून आठवतो.

मे महिना लागला तेव्हा नोराबाईंनी मोरागला हिरव्या कुरणातून काढून मागच्या एका उघड्या तुकड्यात ठेवलं, जिथे गवत मुळापर्यंत खाल्लेलं होतं, आणि तिच्यापुढे जुन्या वाळल्या गवताची एक पेंढी टाकली. फाटकाशी आम्हा दोघांना उभं करून त्यांनी बजावलं, व्याह्यांनी मला मराठीत करून सांगितलं, की हिला काहीही द्यायचं नाही, सफरचंदसुद्धा नाही, ही जात खडकावरच्या झुडपांवर वाढलेली आहे, हिला वसंतातलं गवतच झेपत नाही, गोड आणि भारी खाणं हिच्या पायांत उतरतं. मला ते मराठीत करून सांगायची गरज नव्हती. अतिखाण्यानं खुराच्या आत आग होते, खूर आतून सुटतो, हे मी दोन खेचरांच्या बाबतीत या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. व्याह्यांना माहीत नव्हतं, त्यांनी ते ऐकलं आणि अर्धं समजलं. मला माहीत होतं. हे वाक्य ताई, जसंच्या तसं राहू द्या.

माहीत असूनही मी गूळ दिला. का, ते सांगतो. आमच्या तुकडीत अशी पद्धत होती की चढ चढून मुक्कामाला पोचलं की प्रत्येक हाक्यानं आपापल्या खेचराला भिजवलेला मूठभर हरभरा आणि गुळाचा खडा स्वतःच्या तळहातावर द्यायचा. दुसऱ्याच्या खेचराला कोणी द्यायचा नाही, दिला तर मारामारी व्हायची. तो गूळ म्हणजे सही होती. ज्याच्या हातून गूळ, त्याचं जनावर. मी रोज सकाळी सहाला उठून, सूनबाईंनी ब्लँचर्डस्टाउनच्या भारतीय दुकानातून आणलेला गूळ खिशात घालून मागच्या तुकड्याशी जायचो. पण हिमालयातलं खेचर दिवसभर चढून आलेलं असायचं, आणि ही बिचारी दिवसभर एका जागी उभी. तिनं कुठलाच चढ चढलेला नव्हता. एवढा साधा हिशेब एका नालबंदाला कळू नये काय. कळत होता. पण चौथ्या दिवशी तिनं मला पाहून घशातल्या घशात आवाज केला, आणि मग मी काही ऐकायच्या पलीकडे गेलो.

पुढचं याहून वाईट आहे. गुळाचा डबा वरच्या कपाटात असायचा, त्या कपाटाला आमची नात ईरा प्रेस म्हणते, इथे सगळेच म्हणतात. सूनबाईंना डबा हलका लागला. मला साखरेचा आजार, म्हणून संशय माझ्यावर. आप्पा, साखर वाढेल, काय करता हे, असं त्या म्हणाल्या, आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. पण माझा गूळ मी मोजून घेत होतो आणि डबा त्याच्या दुप्पट वेगानं उतरत होता. मग एका दुपारी मी खिडकीतून पाहिलं, व्याही मागच्या तुकड्याशी, तळहात पुढे केलेला. मला सगळं उमगलं. शहाण्या माणसानं त्या क्षणी खाली जाऊन सांगितलं असतं की अहो, आपण दोघंही देतोय, दोघंही थांबू या. मी दुसऱ्या दिवशी दोन खडे नेले. त्यांनी दिलं तेवढं अधिक एक, असा माझा नेम झाला, आणि हरभरा वेगळा. व्याह्यांना माझ्या देण्याचा पत्ता नव्हता. मला त्यांच्या देण्याचा होता. म्हणजे घोडीच्या पोटात एकूण किती जातं हे जाणणारा या पृथ्वीवर मी एकटा होतो.

एका रविवारी सकाळी मी खिडकीतून पाहिलं. मोराग पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी होती. हा पवित्रा मी ओळखतो. गेलो, खुराला हात लावला, खूर तापलेला, आणि खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी जोरात ठोके देत होती. नोराबाईंनी फोन केला, पशुवैद्य आला, तरुण होता पण हुशार. त्यानं एकच विचारलं, हिनं काय खाल्लं.

मी वाकून खूर धरलेला होता. माझं तोंड जमिनीकडे होतं. आणि वरून मला व्याह्यांचा आवाज ऐकू आला, इंग्रजीत, एकेक शब्द स्पष्ट, की मी दिलं, मला क्षमा करा, मी रोज गूळ आणि हरभरा दिला. माझं इंग्रजी कच्चं आहे पण ते वाक्य मला पूर्ण समजलं. मी तो खूर आणखी घट्ट धरला आणि वर पाहिलं नाही. वर न पाहायला मला कारण होतं, हातात काम होतं. चाळीस दिवस मला ते कारण पुरलं.

ते चाळीस दिवस मी तिच्यासाठी जे केलं ते लेखात बरोबर दिलेलं आहे, त्यात वाद नाही. शेताच्या कडेनं ओढा जातो, त्याच्या गार पाण्यात तिला तासन् तास उभी केली, तिच्याखाली मऊ मातीचा जाड थर घातला, वैद्याच्या सल्ल्यानं खुराचा पुढचा भाग थोडा थोडा तासून मागे आणला. माझा व्हिसाही मुलानं धावपळ करून थोडा वाढवून घेतला. घोडी वाचली. पण शेवटच्या भेटीत वैद्य म्हणाला की हे पाय आता पोटातल्या शिंगराचा भार घेणार नाहीत, पश्चिमेकडे न्यायचा विचार सोडा. नोराबाई फाटकाला टेकून उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, बरं, म्हणजे ही शेवटची. व्याही रडले, सत्तरी उलटलेला माणूस, सगळ्यांसमोर. आणि पाहा, नोराबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ज्यानं चूक केली त्याच्या पाठीवर हात, आणि खऱ्या गुन्हेगाराला म्हणाल्या, तू नसतास तर ही गेली असती. ती शाबासकी मी घरी आणली, आणि ती मला वर्षभर पचली नाही.

मग दिवाळीत तो लेख आला. माणूस चूक करतो, कबूल करतो, आणि कबुलीसुद्धा इतक्या सुंदर मराठीत करतो की वाचणाऱ्याला वाटावं, असा अपराध आपल्या हातून का झाला नाही. त्या घोडीचा प्रेमभाव त्यांना, नोराबाईंची दया त्यांना, आणि दोषही सगळाच्या सगळा त्यांना. त्यांच्या तेवढ्या खड्यांनी मोराग पडली नसती, हे मी नालबंद म्हणून सांगतो. ती माझ्या जास्तीच्या मुठीनं पडली. माझ्या वाट्याचं होतं तेही त्यांनी उचलून नेलं.

यंदा मे महिन्यात बाळाचा पहिला वाढदिवस झाला, म्हणून आम्ही पुन्हा सगळे इथे जमलो. सूनबाईंनी गव्हाची लापशी केली होती, गुळाची. व्याह्यांनी वाटी हळूच बाजूला सारली. मी टोमणा मारला, काय प्राचार्य, लेकीच्या हातचं आवडेनासं झालं का. सूनबाई म्हणाल्या, आप्पा, तुम्हाला माहीत नाही का, बाबांनी गूळ सोडलाय, मोराग आजारी पडली तेव्हापासून, संक्रांतीला तिळगूळसुद्धा हातात घेऊन परत ठेवला. आपल्याकडे लोक काशीला जाऊन एखादा पदार्थ सोडतात, तसा यांनी सोडला होता, कोणाला न सांगता, लेखातही न लिहिता. खरं सांगतो, त्या क्षणी मला पश्चात्ताप झाला नाही. मला हेवा वाटला. मनात आलं, सोडण्यातसुद्धा हा माणूस माझ्यापुढे.

पश्चात्ताप दुसऱ्या दिवशी सकाळी आला. आधी नोराबाईंकडे गेलो. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, जॅगरी, मी आल्सो, मोर दॅन हिम. दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा खिसा उलटा करून दाखवला. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली. मग जे म्हणाल्या ते मी घरी येऊन ईराकडून नीट समजून घेतलं. तुझ्या हातांवर माझा अजून विश्वास आहे, तुझ्या खिशांवर नाही, शुक्रवारी येशील तेव्हा कोट घरी ठेवून ये.

मग व्याही. ते मागच्या अंगणात बाळाचे कपडे दोरीवर वाळत घालत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काहीही न गाळता, डब्याचं, खिडकीचं, अधिक एका खड्याचं. त्यांच्या हातातलं झबलं तसंच राहिलं. ते म्हणाले, तुम्हाले माहीत होतं. मी म्हणालो, होतं. डॉक्टरनं विचारलं तेव्हाही, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तेव्हाही. ते पायरीवर बसले. वर्षभर झालं व्याही, ते म्हणाले, वर्षभर मी स्वतःले खाऊन राहिलो, का त्या मुक्या जीवाची वीण माझ्या हातानं संपली, आन् तुम्ही माझ्यासंग रोज जेवले. मी म्हणालो, आता गूळ खायला लागा. ते म्हणाले, सोडलेलं परत घेत नसतात. आणि मग, रागानं नव्हे, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, मंग तुम्ही काय सोडलं.

त्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला. गूळ मला तसाही वर्ज्य, तो सोडण्यात काय अर्थ. शेवटी जे सोडायला सगळ्यात जड तेच सोडलं. शुक्रवार सोडला. नोराबाईंनी समजावलं, मुलानं समजावलं, मी ऐकलं नाही. आता गावातला एक नालबंद येतो. चांगला आहे, फक्त टाच जरा जास्त घेतो, मी मुलाकरवी त्याला दोनदा निरोप धाडला आहे.

व्याही आता माझ्याशी बोलतात, पण मोजकं, आणि ते योग्यच आहे. हे छापून आल्यावर मंडळातल्या लोकांनी मला नमस्कार करू नये एवढीच विनंती. मोराग बरी आहे, हळू चालते, लंगडत नाही. देव तिला आणखी पुष्कळ वर्षं देवो, आणि तिच्या पायांखाली नेहमी मऊ जमीन असो. व्याही रोज चार वाजता रिकाम्या हातानं तिच्याकडे जातात आणि ती त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवते. त्या वेळी खिडकीशी जायचं नाही असं मी ठरवलेलं आहे. रोज ठरवतो, आणि रोज जातो.